चिंचिलाचा पोळा

"आमचा कुत्रा काही करत नाही हो."

हे वाक्य मी गेल्या चोवीस वर्षांत वकिलांकडून ऐकलं, मुख्याध्यापकांकडून ऐकलं आणि एकदा तर हाताला पट्टी बांधलेल्या गृहस्थांकडून ऐकलं. पट्टी कशाची, असं विचारलं तर म्हणाले, "खेळताना लागलं." कोणाशी खेळताना, हे मी विचारलं नाही. कुत्रा शेजारीच बसला होता आणि त्याचा चेहरा पुरेसा बोलका होता.

केडगावला जनावरांच्या एका खासगी दवाखान्यात मी मदतनीस. जनावर धरणं, वजन करणं, इंजेक्शन भरून ठेवणं आणि मालकाला शांत करणं ही माझी कामं. त्यातलं शेवटचं सगळ्यात जड. पुढे डॉक्टरांच्या लक्षात आलं, की निम्म्या दुखण्यांचं मूळ घरातच असतं. औषध लागू पडतं, प्राणी घरी जातो आणि पंधरवड्यात तेच दुखणं घेऊन परत येतो. म्हणून ते मला घरोघर पाठवू लागले. डॉक्टर प्राणी तपासतात, मी घर तपासते. पिंजरा कुठे आहे, ऊन कुठून येतं, दाराची कडी किती उंचीवर आहे, घरात विसरभोळं कोण आहे. हा शेवटचा प्रश्न लोकांना उद्धट वाटतो. वाटू दे. कडी स्वतःहून उघडी राहत नाही.

माझी आई मिशनच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या कपाटाच्या दाराला आतून कपाटातल्या वस्तूंची यादी चिकटवलेली असे. ते रक्तात आलं. घरभेटीसाठी माझी स्वतःची यादी आहे. सुरुवातीला बावीस प्रश्न होते, आता एकेचाळीस झालेत. वाढलेल्या प्रत्येक प्रश्नामागे एक मेलेला किंवा मरता मरता वाचलेला प्राणी आहे.

'लहान प्राण्याला कुत्रा दिवसभर दिसतो का?' हा प्रश्न कोपरगावहून आला. तिथे एका घरात पॉमेरियन होता आणि मुलीसाठी गिनिपिग आणला होता. पिंजरा भक्कम, जाळी बारीक, कुत्र्याचं नखही आत जाणार नाही. मी खूश होऊन सगळीकडे बरोबरच्या खुणा करून आले. पॉमेरियन दिवसभर पिंजऱ्याभोवती भुंकत फेऱ्या मारायचा आणि घरचे त्याचे व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवायचे. 'दोघांची गट्टी', असं त्यांनी त्याला नाव दिलं होतं. नवव्या दिवशी गिनिपिग मेला. अंगावर ओरखडा नव्हता. मालकांनी फोनवर विचारलं, "पण ताई, चावला तर नाही ना?" नाही, चावला नाही. फक्त जगू दिलं नाही. त्या खुणा मी केल्या होत्या, हे मी आजही विसरलेली नाही.

आता काष्टीचं प्रकरण.

आरती नावाच्या मुलीचा फोन आला. पुण्याची मुलगी, लग्न होऊन काष्टीला आलेली, घरूनच कंपनीचं काम करणारी. म्हणाली, "ताई, माझ्याकडे चिंचिला आहे आणि सासरी कुत्रा आहे. सगळे म्हणतात काही होणार नाही. मला झोप लागत नाही."

चिंचिला म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून सांगते. तो उंदीर नाही, ससा नाही आणि खारही नाही. पण तिघांनी मिळून ठरवून केल्यासारखा दिसतो. मूळचा दूरच्या थंड, कोरड्या डोंगरांतला. अंगावरची लव इतकी दाट, की फुंकर मारली तरी कातडी दिसत नाही. त्यामुळे उकाडा सोसत नाही. आपल्याला पंख्याखाली जे बरं वाटतं, त्यात त्याचे कान लाल होतात आणि धाप लागते. पाण्याने अंघोळ घालायची नाही, कारण ती लव आतून वाळत नाही. तो बारीक, खास धुळीत लोळून स्वच्छ होतो. खाणं म्हणजे सुकं गवत. गूळ, शेंगदाणे, गोडधोड दिलं की पोट बंद. हाडं काडीसारखी. आणि घाबरला की जिवावरच बेततं. एवढं सांभाळलं तर पंधरा वर्षंही जगतो. थोडक्यात, जावई परवडला.

मी दौंड रस्त्याने काष्टीला गेले. घर मोठं, मागे लिंबाची बाग. सासरे अण्णा, गावात वजन, घरात आवाज. सासूबाई सुमनकाकी, आवाज नाही, पण कोणती वस्तू कुठे आहे हे फक्त त्यांनाच माहीत. आरतीचा नवरा नितीन दोन्ही बाजूंना 'हो' म्हणून मधून निघून जाण्यात तरबेज. आणि तुफान. तुफान हा कारवानी कुत्रा, आपल्याकडे सशामागे सोडतात तो. लांब पाय, बारीक कंबर, डोळ्याने शिकार धरणारी जात. हलणारी छोटी वस्तू दिसली की त्याचं डोकं विचार करत नाही, पायच निघतात.

चिंचिलाचं नाव कापशी. तिचा पिंजरा बैठकीत, जमिनीवर, आणि त्याला नाक लावून तुफान पसरलेला.

"बगा मॅडम," अण्णा अभिमानाने म्हणाले, "दिवसभर राखन करतोय. भाऊ-बहीन झालेत ते."

मी तुफानकडे पाहिलं. तोंड मिटलेलं, कान पुढे, शेपूट स्थिर, पापणी हलत नाही. पिंजऱ्यात कापशी मागच्या कोपऱ्यात दगड होऊन बसलेली.

"अण्णा, राखण करणारा कुत्रा बाहेर बघतो. हा आत बघतोय."

"अवो, त्यो काय बी करत न्हाई!"

मी यादी काढली. पहिला प्रश्न परदेशी प्राण्याला लागणाऱ्या सरकारी नोंदणीच्या कागदांचा. ते आरतीकडे व्यवस्थित होते. बाकी सगळं शून्यापासून. पिंजरा वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खोलीत, उंच घडवंचीवर. खोलीत एसी. खोलीला एक दार आणि जिन्याच्या तोंडाला दुसरं जाळीचं दार. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. कड्या वरच्या बाजूला, कारण तुफान खालची कडी नाकाने उचलायचा हे नितीनने, कौतुकाने, सांगितलं होतं. कापशी पिंजऱ्याबाहेर असेल तेव्हा तुफान साखळीला, आणि तीही आधी त्याला बागेत दमवून आणल्यावर. दोघांची 'ओळख करून देणं' पूर्ण बंद. हातावर कुत्र्याचा वास असेल तर हात धुऊन मगच वर जायचं.

अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "उंदराला एसी! आमच्या म्हशीला पंखा न्हाई."

"मग म्हशीलाही लावा. दूध वाढेल."

पुढच्या भेटीला गेले तर गोठ्यात पंखा फिरत होता. कोणी सुचवला, याबद्दल अण्णांनी अवाक्षर काढलं नाही.

आठ महिने सगळं उत्तम चाललं. आरती दर रविवारी मला फोटो पाठवायची: दोन दारं, दोन कड्या, वजनाचा आकडा. इतकं शिस्तीचं गिऱ्हाईक मला आधी कधी मिळालं नव्हतं. मी दवाखान्यात इतरांना काष्टीचं उदाहरण देऊ लागले. माणूस कशाचं उदाहरण देऊ लागला, की समजावं, आता काहीतरी होणार.

पोळ्याच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आरतीचा फोन आला. ती रडत नव्हती, धापा टाकत होती. "ताई, कापशी ट्रॅक्टरच्या इंजिनमध्ये गेलीये. ओली आहे. तुफान मोकळा आहे."

काय घडलं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं, पण इथे सरळ सांगते. त्या घरातले बैल कधीच विकले गेले. तरी पोळा जोरात असतो. ट्रॅक्टरला झूल, बॉनेटला बाशिंग, गायी-म्हशींना अंघोळ, तुफानच्या गळ्यात घुंगरांची माळ. आणि त्या घरची रीत अशी, की पोळ्याला दावणीला कोणी नसतं. वर्षभर राबलेल्या जनावराला त्या दिवशी बांधायचं नाही. बैल गेले, पण रीत राहिली. तेव्हा सकाळीच तुफानची साखळी सुटली होती.

आरतीच्या कंपनीला पोळ्याची सुट्टी नव्हती. ती खालच्या खोलीत दार लावून कामात होती. सुमनकाकींच्या मनात आलं, घरातलं प्रत्येक जनावर आज पुजलं जातंय, मग सुनेचं तेवढं का उपाशी? आठ महिने लांबून पाहून त्यांचा जीव लागला होता. त्यांनी दोन्ही दारं नियमाप्रमाणे उघडली, नियमाप्रमाणे लावली. कापशीच्या खांद्याला हळद-तेल लावलं. कोमट पाण्याने अंघोळ घातली. पुरणपोळीचा घास भरवला. आणि पदरात घेऊन ओवाळायला अंगणात, तुफानच्या शेजारी आणलं.

पाणी, तेल, गोड आणि कुत्रा. चिंचिलाच्या बाबतीत करू नये ते सगळं अर्ध्या तासात, आणि तेही प्रेमाने. दुष्टपणाने कोणी इतकं नेमकं करू शकला नसता.

तुफानने झेप घेतली. त्याच्या तोंडात आला तो लवेचा झुबका. चिंचिलाला निसर्गाने ही एक सोय दिली आहे: कोणी धरलं की तेवढी लव सुटते आणि प्राणी निसटतो. कापशी पदरातून पडली, ट्रॅक्टरच्या झुलीखाली घुसली आणि वर इंजिनात चढली. तुफान ट्रॅक्टरवर पुढचे पाय टेकून उभा. सुमनकाकी ओवाळणीचं तबक हातात धरून तशाच. आणि दारात हलगी वाजत होती, मिरवणुकीला निघायची वेळ झाली होती.

मी म्हटलं, "फोन मोठ्याने बोलेल असा लाव. सगळे ऐका. पहिलं, तुफानला आत कोंडा. दुसरं, ट्रॅक्टर सुरू करायचा नाही. इंजिनच्या पंख्याचं एक पातं फिरलं तरी ती संपली. तिसरं, हलगी थांबवा. चौथं, कोणीही आत हात घालू नका. मी निघाले."

अण्णांचा आवाज आला. "मॅडम, बैलांमागं पयला ट्रॅक्टर आमचा असतोय. मान हाय. इंजन जरा घुर्रकन केलं की निघंल की भायेर."

"तुकड्यांनी निघेल, अण्णा."

"वेशीत लोकं थांबल्यात! मागं चुलतभाऊ टपून बसलाय!"

मग आरती बोलली. तिचा आवाज इतका थंड मी कधी ऐकला नव्हता. "अण्णा, लग्न झालं तेव्हा मी या घरात माझं म्हणून एवढं एकच आणलं होतं."

नितीन नेहमीप्रमाणे "हो" म्हणाला; कोणाला, ते कळलं नाही. आणि नंतर किल्ल्यांचा आवाज झाला. सुमनकाकींनी ट्रॅक्टरची किल्ली काढून कनवटीला खोचली होती. चाळीस वर्षं त्या माणसाने बायकोच्या कनवटीला हात घातला नव्हता आणि भर अंगणात, पोळ्याच्या दिवशी, घालणारही नव्हता.

मी पोचले तेव्हा साडेचार झाले होते. अंगणात चिडीचूप. हलगीवाले बाहेरच्या ओट्यावर चहा पीत होते. "तुफान कुठाय?" मी विचारलं. सुमनकाकींनी मोरीकडे बोट दाखवलं. मोरीचं दार पत्र्याचं. आत एकटा ठेवला तर तुफानने ते फाडलं असतं आणि अण्णांशिवाय तो कोणाला मोजत नसे. तेव्हा अण्णा नवं धोतर, फेटा आणि गळ्यात हार अशा थाटात उपड्या बादलीवर, तुफानचा पट्टा दोन्ही हातांनी धरून, दीड तास आत बसले होते.

मोबाईलच्या उजेडात बॅटरीमागच्या फटीत दोन डोळे दिसले. जिवंत होती. श्वास जोरात, लव चिकटून अंग निम्मं झालेलं. घाबरलेल्या चिंचिलाला ओढून काढायचं नसतं; ती आणखी आत जाते किंवा हातात मरते. तिला स्वतःहून यावंसं वाटलं पाहिजे. मी वरून तिची धुळीची पेटी आणि लाकडी खोपटं आणवलं, फटीला लागून स्टुलावर ठेवलं, वरून ट्रॅक्टरचीच झूल टाकून अंधार केला. आरतीला शेजारी बसवलं. "बोलत राहा. काहीही बोल, पण रोजच्या आवाजात." तिला काही सुचेना, म्हणून ती ऑफिसच्या कामाचं सांगू लागली. बाकी सगळ्यांना मी ओट्यावर पिटाळलं.

दहा मिनिटं. वीस. कापशी हलेना. तेवढ्यात फाटकाबाहेर मिरवणूक आली. पुढे बैल आणि त्यांच्यामागे, पहिल्या मानाला, चुलतभावाचा ट्रॅक्टर. तो मुद्दाम फाटकापाशी थांबला.

"काय अण्णा? ट्रॅक्टर बिघाडला व्हय?"

मोरीच्या झरोक्यात फेटा दिसला. "बिघाडला न्हाई रं! आत पावना बसलाय!"

"इंजनात पावना?"

"तुज्याकडं कोन येत न्हाई, तुला काय म्हाईत!"

"अण्णा, हळू!" मी झरोक्याकडे पाहून ओरडले. म्हणजे मीच ओरडले. यादी करणाऱ्या बाईचाही कधी तोल जातो.

चुलतभाऊ हसत पुढे गेला. हलग्यांचा आवाज लांबत गेला. आणि तो पार विरल्यावर, साधारण सव्वापाचला, झुलीखाली खरखर झाली. आरती बोलायची थांबली. मी खुणेने म्हटलं, बोल. ती बोलत राहिली. मी झुलीचं टोक उचललं. कापशी धुळीत होती, लोळत नव्हती, नुसती बसली होती. एका बाजूला तळहाताएवढी कातडी उघडी. धुळीच्या पेटीचं तोंड मी हाताने बंद केलं.

"जित्ती हाय का?" मोरीतून आवाज आला. मी "आहे" म्हटलं. मग बादली सरकल्याचा आवाज झाला. अण्णांचे पाय बहुधा मुंग्या येऊन बधिर झाले होते.

कापशीला टॉवेलने टिपून, गाडीत एसी लावून मी आणि आरतीने केडगावला आणलं. हाडं शाबूत होती, पण पोट बंद पडलं. दोन दिवस डॉक्टर आणि मी सिरिंजने भिजवलेल्या गवताचा लगदा भरवत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात चार लेंड्या दिसल्या. आरतीने त्यांचा फोटो काढून सासरी पाठवला. आमच्या धंद्यात आनंदाची बातमी अशीच दिसते.

कापशीला परत सोडायला गेले, तेव्हा सुमनकाकी समोर येईनात. शेवटी मीच स्वयंपाकघरात गेले. त्या म्हणाल्या, "ताई, तुमी सगळं सांगितलं. कडी सांगितली, हात धुवायचं सांगितलं. सनाचं काय सांगितलं न्हाई वो."

त्यांचं बरोबर होतं. आमच्या घरी बैल नव्हते आणि पोळा मी रस्त्यावरून जाताना पाहिलेला. एकेचाळीस प्रश्नांत 'तुमच्याकडे कोणत्या दिवशी जनावर बांधत नाहीत?' हा प्रश्न नव्हता. मी आठ महिने त्या बाईला नियम दिले. नियम का, ते एकदाही बसून सांगितलं नाही. विसरभोळं कोण, हे विचारलं होतं. माया कोणाला जास्त, हे विचारायचं राहिलं होतं.

मी सगळ्यांना बसवून स्पष्ट सांगितलं: तुफानने आता लव तोंडात घेतली आहे. त्याला कळलंय, की ती वस्तू खरी आहे. या दोघांनी एका छपराखाली राहू नये. कोण जाणार, ते तुम्ही ठरवा.

आरती म्हणाली, "कुत्र्याची काही चूक नाही."

सुमनकाकी म्हणाल्या, "कापशीची बी न्हाई."

नितीन "हो" म्हणाला.

अण्णा उठले, तुफानची साखळी घेतली, वळकटी काखेत मारली आणि बागेतल्या खोलीवर राहायला गेले. 'तुफान माझ्याबिगर जेवत न्हाई,' एवढंच कारण दिलं. गावात अर्थात वेगळीच गोष्ट झाली: सुनेने उंदरापायी सासऱ्याला घराबाहेर काढलं. चुलतभावाने ती पार श्रीगोंद्यापर्यंत पोचवली.

मला ते लागून राहिलं. दोन महिन्यांनी मी सुमनकाकींना फोन केला. म्हटलं, "अण्णांना परत घरी आणता येईल. अंगणात उंच कुंपण घालू, तुफानला पलीकडे ठेवू. मी येऊन जागा बघते."

पलीकडे त्यांनी हातातली भांडी खाली ठेवली.

"ताई," त्या म्हणाल्या, "कापशीची लव आली. कुत्रं बागंत मोकळं पळतंय. ह्ये दोन टाईम जेवायला येत्यात, जेवून जात्यात. इतक्या वर्सांत पयल्यांदा घरात सकाळच्या पारी कोन वरडत न्हाई." मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्ये कुंपनाचं तेवडं ह्यांच्याम्होरं बोलू नका."